माझ्या होमबिल्टचं इन्स्ट्रुमेंट पॅनल: पुठ्ठ्यापासून कंपास कार्डापर्यंत

मी स्वतः बांधत असलेल्या विमानाचा सांगाडा उभा राहिला, पंख एकदा जोडून परत काढून झाले, इंजिन माउंटवर बसलं, आणि मग कॉकपिटमध्ये एकच मोठी रिकामी जागा उरली, पॅनलची, म्हणजे पायलटसमोरच्या उपकरणांच्या आणि स्विचच्या फळीची. विमान तसं साधं आहे, दोन सीट शेजारी शेजारी, दोघांना एकेक स्टिक (विमान वळवायचा दांडा), पुढच्या बिजागरीवर वर उघडणारी कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक छत, पुढे चार सिलिंडरचं लायकोमिंग इंजिन आणि फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा प्रोपेलर. पॅनलसाठी मी दोन महिने धरले होते, लागले सात. त्या सात महिन्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण मी सुरू केलं तेव्हा तयार पॅनलचे फोटो बघेल तिथे मिळत होते, पण माणूस तिथपर्यंत पोचतो कसा हे सांगणारं फार कमी हाताला लागलं.

पहिलं ड्रॉइंग मी एका रविवारात कॉम्प्युटरवर करून टाकलं. मधे दहा इंची स्क्रीन, शेजारी तसलाच दुसरा, मग रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र), ऑडिओ पॅनल, ऑटोपायलट, डावीकडे तीन गोल इन्स्ट्रुमेंट, उजवीकडे टॅब्लेटची जागा आणि खाली ओळीनं चौदा स्विच. दिसायला फार सुंदर झालं होतं. ज्यांनी मला उडायला शिकवलं त्या सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे विमान घेऊन तू करणार काय आहेस? रात्री उडणार? ढगात जाणार?" म्हटलं नाही सर, दिवसा, चांगल्या हवेत, दोन-तीन तासांच्या फेऱ्या. "मग ती एक फेरी आधी कागदावर लिहून आण. इंजिन सुरू करण्यापासून बंद करेपर्यंत, कुठल्या वेळी काय बघतोस आणि कशाला हात लावतोस. ड्रॉइंग नंतर बघू."

ते लिहायला चार संध्याकाळी गेल्या. सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे की टेकऑफच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मी एअरस्पीड, आरपीएम, ऑइल प्रेशर आणि फ्युएल प्रेशर एवढंच बघतो आणि तेही नजर बाहेर ठेवून मधे मधे चोरून. क्रूझमध्ये वेळच वेळ असतो, तिथे काहीही कुठेही असलं तरी चालतं. खरी गर्दी होते उतरायच्या आधीच्या पाच मिनिटांत, आणि इंजिन खरखरायला लागलं तर. इंजिन खरखरलं की हात कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडणारा कंट्रोल), टाकीचा सिलेक्टर, फ्युएल पंप आणि इग्निशन या चार ठिकाणी जाणार, त्याच क्रमानं, आणि डावा हात स्टिकवर अडकलेला असल्यामुळे हे सगळं उजव्या हातानं होणार. माझ्या सुंदर ड्रॉइंगमध्ये हे चार चार दिशांना होते.

दुसरा स्क्रीन तिथेच गेला. ऑटोपायलटचा कंट्रोलरही गेला, त्याच्या वायरी मात्र पुढेमागे लागतील म्हणून टाकून ठेवल्या. दिवसा नजरेनं उडायला नियमांना जे लागतं त्याची यादी मुळात लहान आहे, एअरस्पीड, अल्टिमीटर (उंची दाखवणारा), कंपास, आरपीएम, ऑइलचं प्रेशर आणि टेंपरेचर, प्रत्येक टाकीचा गेज, अशी. मी दहा इंची एक स्क्रीन ठेवला, त्याला स्वतःची बॅकअप बॅटरी, आणि त्याच्या डावीकडे एअरस्पीड आणि अल्टिमीटर ही दोन जुन्या पद्धतीची गोल इन्स्ट्रुमेंट, पूर्ण ३.१२५ इंच भोकाची. सव्वादोन इंची लहानही मिळतात आणि जागा वाचते, पण सगळी वीज गेली असताना जे बघायचंय ते लहान कशाला करायचं असं मला मनापासून वाटलं, आजही वाटतं. ही दोन फक्त हवेच्या दाबावर चालतात, त्यांना कशाचीच गरज नाही.

मग पुठ्ठा. ज्याला पॅनल करायचंय त्याला मी हात जोडून सांगेन की अ‍ॅल्युमिनियमला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याचं करा, आणि ते टेबलावर न ठेवता विमानात बसवा. मी सगळ्या इन्स्ट्रुमेंटचे चेहरे खऱ्या मापात छापले, कापले, पॅनलच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर टाचणीनं लावले, स्विचच्या जागी पेनांची टोपणं चिकटवली आणि सीटवर बसलो, उशी तीच जी उडताना असणार, हेडसेट डोक्यावर, पट्टे खांद्यावरून करकचून आवळलेले. हे पट्टे आवळणं फार महत्त्वाचं आहे कारण सैल पट्ट्यात माणूस पुढे वाकतो आणि सगळंच हाताला लागतं. आवळल्यावर उजवीकडचे सर्किट ब्रेकर माझ्या बोटांपासून चांगले चार इंच लांब राहिले. खालच्या ओळीतले डावीकडचे चार स्विच स्टिकवरच्या मुठीमागे पूर्ण झाकले गेले, आणि स्टिक पुढे केली की अंगठा थेट त्यांना लागायला लागला, म्हणजे नाक खाली करताना मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, बंद व्हायची सोय मी स्वतः करून ठेवली होती.

चष्म्याचंही तेव्हाच कळलं. माझा चष्मा दोन नंबरांचा, वर लांबचं, खाली जवळचं. पॅनल डोळ्यापासून हातभर लांब, म्हणजे दोन्हीत नाही. ऑइल प्रेशरचा आकडा वाचायला मी हनुवटी वर करत होतो आणि हनुवटी वर केली की धावपट्टी नजरेतून जाते. त्यावर दोन गोष्टी केल्या, मधल्या अंतराचा नंबर असलेला चष्मा करून घेतला आणि इंजिनचे आकडे स्क्रीनच्या तळातून उचलून डाव्या कडेला उभ्या पट्टीत आणले, शिवाय रेंज आधीच ठरवून घेतल्या म्हणजे आकडा वाचायलाच लागू नये, रंग दिसला की पुरे. सीएचटीची, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याच्या टेंपरेचरची, कमाल मर्यादा माझ्या इंजिनला ५०० डिग्री फॅरनहाइट आहे, पण मी पिवळा ४०० ला सुरू केला. आरपीएमची लाल रेघ २७००, ऑइल प्रेशर आयडलला २५ च्या खाली गेलं की लाल.

आता स्विच. पुठ्ठ्याचं पॅनल लावलेलं असतानाच मुलीला शेजारच्या सीटवर बसवलं, मी डोळे मिटले आणि तिनं यादीतलं एकेक नाव मनाला येईल त्या क्रमानं वाचायचं, मी बोट ठेवायचं. "फ्युएल पंप," ती म्हणाली. मी ठेवलं. "बाबा, मी पंप म्हटलं, तू लँडिंग लाइट दाबलायस." दहात तीन वेळा असं झालं. आणि मी ते पॅनल तीन आठवडे रोज बघत होतो, मीच आखलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरचे पायलट उतरल्यावर फ्लॅप (उतरताना पंखांमागे खाली सोडायच्या झडपा) घ्यायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं बघितलं तर दोन्ही स्विच शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला सारखेच. त्यानं चाकाच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावायला सांगितलं आणि फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा आकार, थकलेल्या हातालाही कळावं म्हणून. पुढे विमानांच्या नियमांमध्येही चाकाच्या आणि फ्लॅपच्या लिव्हरला असेच आकार आले. हे मला वाचून माहीत होतं, तरी माझ्या ड्रॉइंगमध्ये चौदा एकसारखे टॉगल एका रेषेत उभे होते कारण रेषा छान दिसते.

मग ओळ मोडली. फ्युएल पंप लाइटांच्या घोळक्यातून काढून थ्रॉटलच्या वर नेला, त्याला जाड गोल टोकाचा टॉगल, बाकी कुणालाच तसा नाही. इग्निशनचे दोन स्विच लॉकवाले, आधी बाहेर ओढायचे मगच हलतात, ते डावीकडे वर एकटे. मास्टर स्टिकच्या पोचेपलीकडे. लाइट सगळे एकत्र, त्यात गोंधळ झाला तरी कुणी मरत नाही. थ्रॉटलची मूठ काळी, मिक्स्चरची (हवेत पेट्रोल किती मिसळायचं त्याची) लाल आणि कडेनं दातेरी, हे तर ठरलेलंच असतं. मुलीनं परत परीक्षा घेतली, दोन दिवस लागोपाठ, वीसपैकी वीस बरोबर आले तेव्हाच पुढे गेलो.

इथपर्यंत मी समोरूनच बघत होतो. मागची बाजू कळली ती रेडिओमुळे. रेडिओचा ट्रे सव्वासहा इंच रुंद, समोरून माझ्या ड्रॉइंगमध्ये बरोबर बसत होता. मागे त्याची खोली ११ इंच आणि त्याच्या मागे कनेक्टर आणि कोअ‍ॅक्स केबलला वळायला अजून दोन इंच, म्हणजे तेरा. तेवढ्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका केला आणि भोकातून आत सरकवला. सब-पॅनलच्या रिबला, म्हणजे पॅनलमागच्या आधाराच्या धातूच्या पट्टीला लागला, ते अपेक्षित होतं, तिथे रिब कापून दुसरीकडे जोर द्यायची सोय प्लॅनमध्येच आहे. पण मग मी कॅनोपी वर उचलली आणि टक्कन आवाज आला. कॅनोपीच्या बिजागरीचा दांडा उघडताना आत खाली येतो आणि तो बरोबर खोक्याच्या मागच्या कोपऱ्यावर आला होता. बंद कॅनोपीत सगळं छान, उघडली की रेडिओचे कनेक्टर चेपले जाणार. हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये दिसलं नसतं. रेडिओ २२ मिलिमीटर उजवीकडे गेला, त्यामागे थ्रॉटल गेला, थ्रॉटलमागे पंपाचा स्विच गेला, आणि परीक्षा परत.

त्याच कॅनोपीच्या फटीतून पावसाचं पाणी झिरपतं. विमान बाहेर उभं असताना बादलीनं पाणी ओतून बघितलं तर थेंब रेडिओच्या मागच्या टोकावर पडत होते. वर पातळ अ‍ॅल्युमिनियमची उतरती पट्टी लावली आणि प्रत्येक वायर कनेक्टरमध्ये जायच्या आधी खाली झोल देऊन वर घेतली म्हणजे पाणी झोलावरून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

आणि पॅनल तीन तुकड्यांत केलं. एकसंध पॅनल दिसतं छान, पण मागचा एक नट सैल झाला तर सीटखाली उलटं झोपून, डोकं पेडलमध्ये घालून, एका हातानं टॉर्च धरून काम करायला लागतं, आणि मी पन्नाशीच्या पुढचा आहे. आता डावा, मधला, उजवा असे तीन तुकडे, प्रत्येकाचे स्क्रू काढले की तुकडा मांडीवर येतो, वायरींना तेवढी जास्तीची लांबी ठेवलीय. धातू २०२४-टी३, ०.०६३ इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर. भोकं मशीनवर कापून घेतली, कडा मी कानशीनं साफ केल्या, रंग मॅट गडद राखाडी. चकाकणारा रंग कॅनोपीत वर उलटा दिसतो आणि बाहेरचं दिसेनासं होतं. पांढरा शर्टसुद्धा स्क्रीनवर दिसतो, म्हणून उडताना मी गडद रंगाचेच घालतो.

विजेचं गणित एका कागदावर मावलं. प्रत्येक वस्तू किती अँपिअर घेते ते लिहून बेरीज केली, सगळं चालू असताना अल्टरनेटरच्या क्षमतेच्या बऱ्याच खाली राहिलं. खरा प्रश्न अल्टरनेटर गेल्यावर काय हा. त्यासाठी वेगळी लहान बस, म्हणजे वीज वाटणारी पट्टी, काढली, तिच्यावर स्क्रीन, रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर एवढंच, मिळून साधारण ४ अँपिअर. बॅटरी १७ अँपिअर-तासांची, पण जुनी होईल तेव्हा निम्मीच उरेल असं धरून दोन तास मिळतात, माझ्या टाकीतलं पेट्रोल त्या आत मला कुठेतरी उतरवेलच. ब्रेकर वायर वाचवायला असतो, वस्तू वाचवायला नाही, हे पक्कं डोक्यात बसवून २२ गेजच्या वायरीला ५ अँपिअरचा ब्रेकर, २० ला साडेसात, १८ ला १० असं ठेवलं. वायर सगळी टेफझेलच्या आवरणाची, साधी पीव्हीसी एक मीटरही नाही, कारण पीव्हीसी जळली तर तो धूर बंद कॅनोपीत आपणच ओढणार. आणि पेट्रोलची किंवा ऑइलची नळी पॅनलपर्यंत आणलीच नाही, सेन्सर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीच्या) इंजिनाकडच्या बाजूला आणि आत फक्त वायरी.

हेडफोनच्या घरघरीनं मात्र नाकी नऊ आणले. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा आरपीएम वाढवला की कानात शिट्टीसारखा आवाज चढायचा. चार दिवस फिल्टर लावून बघितले, वायरी हलवून बघितल्या. शेवटी एकेक जॅक सोडवत गेलो. हेडसेटचे जॅक पॅनलच्या धातूपासून वेगळे ठेवायला फायबरचे वॉशर लागतात, एक समोरून एक मागून, म्हणजे त्यांचा ग्राउंड फक्त आपल्या वायरीतून परत जातो. शेजारच्या सीटच्या माइकच्या जॅकला मागचा वॉशर नव्हता. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा. तो लावला आणि शांत.

पिटो-स्टॅटिकची, म्हणजे एअरस्पीडला समोरून येणाऱ्या हवेचा दाब (पिटो) आणि एअरस्पीड, अल्टिमीटर दोन्हीला बाहेरच्या स्थिर हवेचा दाब (स्टॅटिक) पोचवणाऱ्या नळ्यांची, गळती तपासताना एक गोष्ट नशिबानं वेळेत सुचली, ती सांगतो. स्टॅटिकच्या पोर्टला नळी लावून सिरिंजनं हळूहळू हवा ओढायची, अल्टिमीटर १००० फूट वर न्यायचा, नळी चिमटीत धरायची आणि एक मिनिट बघायचं, १०० फुटांपेक्षा जास्त खाली यायला नको. पण एअरस्पीडला तीच स्टॅटिक लागते. पिटो उघडा ठेवून नुसत्या स्टॅटिकमधून १००० फुटांएवढी हवा काढली तर एअरस्पीडला वाटतं आपण १५० नॉटच्या आसपास उडतोय, आणि कमी रेंजचं इन्स्ट्रुमेंट असेल तर काटा टोकाला जाऊन आपटेल. मी टी आकाराचा जोड लावून पिटो आणि स्टॅटिक दोन्हीला एकच सिरिंज लावली, मग काटा हललाच नाही. पहिल्या वेळी अल्टिमीटर मिनिटात ४०० फूट उतरला. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही कारण आत पोकळी आहे, हवा बाहेर येत नाही, म्हणून एकेक जोड बंद करत मागे मागे गेलो आणि स्क्रीनच्या मागचा नट बोटानं फिरला. मीच हातानं लावून पान्हा मारायचा विसरलो होतो. पान्ह्यानंतर मिनिटात २० फूट, आणि जीव भांड्यात पडला.

आता कंपास. जीपीएस आहे, स्क्रीनवर हेडिंग आहे, कंपास कोण बघतो असं बरेच जण म्हणतात, पण सगळं काळं झाल्यावर दिशा सांगणारी ती एकच वस्तू उरते आणि तिला मी सगळ्यात जास्त जपलं. ड्रॉइंगमध्ये तो वर मधोमध होता, ग्लेअरशील्डवर, म्हणजे पॅनलच्या वरच्या झाकणावर. पुठ्ठ्याच्याच दिवसांत तिथे साधा हातातला होकायंत्र ठेवून बघितलं होतं, कॅनोपी उघडी असताना बरोबर दाखवत होता आणि बंद केली की २५ डिग्री सरकायचा. कॅनोपीची चौकट स्टीलच्या नळीची. मग त्याला खाली पॅनलच्या वरच्या कडेशी आणला, चौकटीपासून दूर, स्क्रू पितळेचे, आणि दिव्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन नेल्या म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. स्क्रीनला दिशा कळवणारा चुंबकीय सेन्सर, मॅग्नेटोमीटर, तर पार शेपटीकडे नेला, कुठल्याच जाड वायरीजवळ नको म्हणून.

कंपासचा स्विंग, म्हणजे कुठल्या दिशेला तो किती चुकतो त्याची तपासणी, केला त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. इंजिन चालू, रेडिओ चालू, दिवे चालू, कॅनोपी बंद, पट्टे आवळलेले, म्हणजे जसा उडणार तसाच, आणि जमिनीवर आखलेल्या ३०-३० डिग्रीच्या रेघांवर विमान एकेक करून उभं केलं. शेजारी मुलगी वही घेऊन. मी पितळेचा स्क्रूड्रायव्हर घेऊन उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिमचे स्क्रू जुळवत गेलो, मग दुसरी पूर्ण फेरी नुसती वाचायची. सगळ्यात जास्त फरक २४० ला आला, ४ डिग्री, बाकी ठिकाणी दोन-तीन. तिनं बारा आकडे छोट्या कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिले, तारीख टाकली, खाली लिहिलं "रेडिओ चालू", आणि मी ते कार्ड कंपासच्या खालच्या खाचेत सरकवलं.